सुभेदारांचा हलका हात

सुभेदार साळुंखे दार कधी नुसतं लोटून देत नसत. डाव्या हातानं कडी धरायची, उजव्या हाताचा तळवा दार आणि चौकट यांच्यामध्ये ठेवायचा आणि दार तळव्यावर येऊन टेकलं की हात हळूच काढून घ्यायचा. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत आम्ही समोरासमोर राहिलो, पण त्यांचं दार लागल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. एकदा घाईत त्यांचा तळवा चांगलाच चिमटला. तेव्हासुद्धा ते कळवळले ते तोंड मिटूनच.

राहायला आल्याबरोबर ते आमच्याकडे आले होते. साठीच्या आसपासचा उंच माणूस, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या, हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि काखेत एक पुडकं. बेल वाजवायच्या ऐवजी त्यांनी दारावर इतकी हळू टकटक केली की मला वाटलं, कुणाची तरी कामवाली भांडी लावते आहे. दार उघडलं तसे म्हणाले, "नमस्कार मॅडम. मी सुभेदार साळुंखे, रिटायर्ड. गाव साताऱ्याकडचं. एक विनंती आहे जी. तुमची बेल आमच्या घरात ऐकू येते."

"बेल ऐकू येण्यासाठीच असते," मी म्हणाले.

"बिल्कुल. पण ती फार एकदम वाजते. मी दुसरी घेऊन आलोय. सुरुवातीला बारीक वाजते, मग वाढते. आत्ता लावून देऊ का?"

मला रागच आला. अर्धं आयुष्य लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर मिळालेलं हे हक्काचं घर. त्याची बेल मी दहा दुकानं पालथी घालून पसंत केलेली, आणि ती बदलायला हे निघाले! पुढे मी सगळ्यांना सांगायची की चटणी झकास होती म्हणून मी बेल बदलू दिली. खरं कारण वेगळंच होतं. बोलता बोलता ते सारखे मान वळवून स्वतःच्या दाराकडे बघत होते, आणि तो चेहरा बघून मला नकार देववला नाही.

त्या दाराआड त्यांचा मुलगा नितीन होता. तिशीही न ओलांडलेला. बापाप्रमाणेच फौजेत गेलेला आणि सरहद्दीवरून घरी परत आलेला. काय झालं होतं ते त्यांच्या घरात कुणी नीट बोलत नसे. सुमनताईंनी, म्हणजे सुभेदारांच्या बायकोनं, एकदा भाजी निवडता निवडता एवढंच सांगितलं, "स्फोट झाला तो पुढच्या गाडीत. ह्याची मागची होती. ह्याला खरचटलंसुद्धा नाही हो." आणि मग त्या मेथीच्या काड्याही पानांबरोबर भांड्यात टाकत राहिल्या.

खरचटलं नव्हतं, पण आवाज त्याला सहन होत नव्हता. ताट पडलं, कुकरची शिट्टी झाली, खाली कुणी गाडीचं दार आपटलं की तो जिथे असेल तिथे खाली बसायचा आणि डोक्यावर हात घ्यायचा. मग घामाघूम होऊन तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर होते, गोळ्या होत्या, ते सगळं चालू होतं. सुमनताईंनी कुकर माळ्यावर टाकला होता आणि भात पातेल्यात शिजवायला लागल्या होत्या. दिल्लीसारख्या गावात, जिथे माणसं रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवतात, तिथे त्या घरानं आवाजाशी असा संसार मांडला होता.

सुभेदारांनी मात्र एक गोष्ट हेरली होती. आमच्या सोसायटीवरून विमानं जातात. नवा पाहुणा आला की विमानाच्या आवाजानं बोलणं थांबवतो. आम्ही तेवढ्यापुरता आवाज चढवतो आणि पुढे बोलत राहतो. तर इतकी मोठी घरघर डोक्यावरून जायची आणि नितीन हलायचासुद्धा नाही. चमचा पडला की मात्र कोसळायचा. एका संध्याकाळी गॅलरीत उभे असताना सुभेदार मला म्हणाले, "मला आत्ता उमगलं ताई. पोरगं मोठ्या आवाजाला भीत न्हाई. अचानकला भितंय. विमान लांबून सांगत येतं, मी येतोय, मी येतोय. चमचा सांगत न्हाई." मनापासून बोलायला लागले की त्यांची मराठी दिल्लीहून गावाकडे निघायची.

हे कळल्यावर त्यांनी जे केलं ते ऐकून सोसायटीतले लोक हसले. मीही हसले. त्यांनी दिवाणाखालून नितीनचा डीजेचा सेट बाहेर काढला.

त्याची एक जुनी कथा होती. छावणीत राहत असताना नितीन कॉलेजात होता आणि 'डीजे नितीन' म्हणून आसपासच्या लग्नांत वाजवायचा. पोराला त्यात गती होती, वेड होतं. सुभेदारांना ते अजिबात पसंत नव्हतं. "आमच्या घराण्यात वाजवणारा कुणी झाला नाही. लढणारे झाले," असं ते तेव्हा म्हणाले होते. नितीननं सेट खोक्यात भरला आणि भरतीला गेला. ही गोष्ट त्यांनी मला स्वतःच सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "लढणारे झाले म्हणे," आणि मिशीवरून उगाच हात फिरवत राहिले. मी चहा टाकायला आत गेले.

आता साठीतला हा माणूस तो सेट टेबलावर मांडून बसला. एकही बटण कशाचं आहे ते माहीत नाही. आधी सगळा आवाज बंद, मग मुंगीच्या पावलानं वर. नितीन पलीकडे भिंतीकडे तोंड करून पडलेला. असे किती दिवस गेले कोण जाणे. आणि एका दुपारी सुमनताई धावत माझ्याकडे आल्या, पायांत चप्पलसुद्धा नाही. "ताई, बोलला! नितीन बोलला!"

काय बोलला होता? तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला होता, "बाबा, ट्रिम जास्त आहे. कमी करा."

ट्रिम म्हणजे प्रत्येक गाण्याचा आवाज मुळातच किती आत घ्यायचा ते ठरवणारं बटण, हे मला पुढे कळलं. एक गाणं मुळात दणदणीत असतं, एक मिळमिळीत. दोन्ही आधीच सारखी करून घेतली नाहीत तर एकातून दुसऱ्यात जाताना ऐकणाऱ्याला धक्का बसतो. बाप चुकत गेला आणि मुलगा पडल्या पडल्या सुधारत गेला. नंतर तो उठून बसला, मग खुर्ची ओढून टेबलाशी आला. सुभेदार काही वेळा मुद्दाम चुकायचे अशी मला शंका आहे. विचारलं तर म्हणायचे, "छे छे. मला खरंच येत नाही जी."

पण त्यांना यायला लागलं, आणि असं यायला लागलं की बघत राहावं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि ते समजावून सांगायचे. इफेक्ट म्हणून एक भाग असतो. गाण्याला घुमारा द्यायचा, एखादा शब्द दऱ्याखोऱ्यांतून परत परत यावा तसा आणायचा, ते काम त्याचं. लोकांना त्यात मजा वाटते. पण घुमारा मूळ गाण्याच्या जागी येत नाही, त्याच्यावर येऊन बसतो. म्हणजे दोन्ही मिळून आवाज एकदम उसळतो. "ताई, कढईत तेल तापलंय आणि पाणी ओतायचंय तर तुम्ही काय करता? आधी गॅस बारीक करता ना? तसंच. आधी गाणं थोडं खाली घ्यायचं. इफेक्टचं बटण शून्यावर आहे का बघायचं. मग चालू करायचं, आणि मग सावकाश वर. काम झालं की परत शून्यावर आणून मगच बंद. नुसतं बंद नाही करायचं. नुसतं बंद केलं तर पुढच्या वेळी तो सगळाच्या सगळा अंगावर येतो."

सेटमधल्या मिक्सरवर, म्हणजे गाणी एकत्र जुळवायच्या यंत्रावर, आवाजाचे दिवे असतात, खाली हिरवे, मग पिवळे, टोकाला लाल. त्यांच्याबद्दल सुभेदारांचा एक नियम होता. "हिरव्यात राहायचं. पिवळ्याला लांबून रामराम करायचा. लालला ओळख दाखवायची नाही." आणि कानावर विश्वास ठेवायचा नाही, असंही ते बजावायचे. कान थोड्याच वेळात मोठ्या आवाजाला सरावतो आणि आणखी मागतो. दिवा सरावत नाही.

हळूहळू सोसायटीतली वाढदिवसाची, हळदीकुंकवाची वाजवण्याची कामं त्यांच्याकडे यायला लागली. खजिनदार भाटियाजींच्या घरच्या लग्नातल्या संगीतालाही तेच होते. भाटियाजी माणूस दिलदार, पण छातीत धडधड झाल्याशिवाय कार्यक्रम झाला असं त्यांना वाटत नाही. ते सारखे टेबलाशी येऊन म्हणायचे, "साळुंखेजी, थोड़ा दम तो डालो यार!" सुभेदार मान डोलवायचे, "बिल्कुल जी, अभी डालता हूँ," आणि बटणाला केसभर हात लावायचे. गंमत अशी की तासाभरानं सगळे नाचत होते, एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होते, आणि आवाज कधी वाढला ते कुणाला सांगता आलं नसतं. त्यांचं म्हणणंच होतं, "आवाज वाढलेला चालेल. वाढवलेला कळता कामा नये."

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला ठाऊक होतं. वाजवताना ते एक डोळा दिव्यांवर ठेवायचे आणि एक जिन्याकडे. पहिल्या कार्यक्रमाला नितीननं घराची खिडकी उघडी ठेवली. पुढच्या वेळी तो जिन्याच्या वळणावर येऊन बसला. मग क्लबहाउसच्या भिंतीमागे, कण्हेरीच्या झुडपांपाशी. सुभेदार कधी त्याला बोलवायला गेले नाहीत. मला म्हणाले होते, "चार माणसांत उभं राहून त्यानं एकदा टाळी वाजवली ना ताई, की मग माझी इथली ड्यूटी संपली. मग गावाला जाऊन झोपून राहीन."

ती वेळ गणपतीत आली. आमच्या मराठी मंडळाचा गणपती क्लबहाउसमध्ये बसतो. घरं मोजकी, हौस दांडगी, आणि दिल्लीत वाढलेली आमची मुलं 'सुखकर्ता' रोमन अक्षरांत लिहून म्हणतात. त्या वर्षी नितीन खाली येणार म्हणाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तयारी केली. फटाके नाहीत, ढोल नाही. पोरांच्या झांजा मी गोळा करून माझ्या कपाटात ठेवल्या. भाटियाजींनी गार्डला सांगून ठेवलं की आरतीच्या वेळी गेटवर कुणी हॉर्न वाजवला तर त्याची खैर नाही.

नितीन आला. इस्त्रीचा निळा कुर्ता, दाढी केलेली. आईच्या शेजारी, प्रसादाच्या टेबलापाशी उभा राहिला. सुभेदारांनी आरतीमागे अगदी बारीक साथ सुरू केली, एकाच्या हातात माइक दिला. पहिली आरती झाली, दुसरी झाली. नितीनचे ओठ हलत होते. तिसऱ्या आरतीला त्यानं टाळी धरली. आधी दोन बोटांची, मग पुरती. सुमनताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. समोर गणपतीकडे बघत त्या नुसत्या रडत होत्या. आरती संपताना सुभेदारांनी माइकवर घुमारा दिला, आणि 'मोरया' असा काही हलका होऊन घुमत गेला की आम्हां सगळ्यांच्या अंगावर काटा आला. नितीननं मान वर करून बापाकडे बघितलं आणि हसला. वस्तादानं चेल्याला शाबासकी द्यावी तसा अंगठा वर केला.

सुभेदारांना ते सोसलं नाही. त्यांनी इफेक्ट नुसताच बंद केला, दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि मुलाकडे बघत उभे राहिले. बटण वरच राहिलं. मी शेजारीच उभी होते, मलाही दिसलं नाही, कारण मीही नितीनकडेच बघत होते. कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, एकदा परत मोरया होऊन जाऊ दे!" आणि त्या आनंदात, कधी नव्हे ते, न बघता त्यांनी इफेक्ट चालू केला.

माइक उघडा होता. आधी धाडकन आवाज झाला आणि मग कान फाडणारी शीळ. सुभेदारांनी ती लगेच बंद केली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पण तेवढ्यात नितीननं आईला खांद्याला धरून जमिनीवर पाडलं होतं आणि तिच्यावर आडवा झाला होता. "नीचे! सब नीचे!" तो ओरडत होता. "कोई उठेगा नहीं!" मोदकांचं ताट त्याच्या पाठीवर उलटलं होतं. आणि सुमनताई त्याच्याखालून, अडकलेल्या आवाजात, पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आहे रे बाळा, मी आहे. मी आहे ना."

कुणी हसलं नाही, कुणी पुढेही झालं नाही. एक लहान मुलगी रडायला लागली. थोड्या वेळानं नितीन भानावर आला, त्यानं आईला उठवलं, तिच्या साडीवरचा नारळाचा चुरा झटकला, मग मान वर करून आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे त्याच्याचकडे बघत होतो. ते त्यानं बघितलं आणि तो भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला. त्याची ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माणसाला इतकं लाजल्यासारखं होऊ नये. त्यानं तर आईला वाचवलं होतं.

त्यानंतर तो खाली आला नाही. खोलीतूनही क्वचितच बाहेर यायचा. सेट टेबलावर तसाच पडला, त्याच्यावर सुमनताईंनी जुनी चादर टाकली. भाटियाजी सुभेदारांकडे जाऊन हात जोडून आले. त्यांची काही चूक नव्हती, पण माणूस दिलदार. सुभेदार माझ्याकडे आले ते बऱ्याच दिवसांनी. बसले, पाणी प्यायले, आणि स्वतःचा उजवा हात उलटा सुलटा करून बघत राहिले.

"माझा हात ताई. दुसऱ्या कुणाचा न्हाई, माझाच."

मी म्हणाले, "सुभेदार, कुणाच्याही हातून झालं असतं."

"कुणाच्याही हातून झालं असतं, म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हतो," ते म्हणाले. "मी कुणीही नव्हतो. मी बाप होतो. एकदा त्याला सैन्यात मी ढकलला, आणि बाहेर येत होता तर परत आत मीच ढकलला." मग घसा साफ करून, एकदम सरकारी मराठीत, "आम्ही गावी जातोय. तिथे शांतता आहे. तब्येतीला बरं."

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. मूल हसलं म्हणून ज्या बापाचा हात चुकला, त्याला कुठला देव दोष देईल, असं काहीतरी. पण हे सुचलं सुभेदार उठून गेल्यावर. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा सुमनताई माझ्या गळ्यात पडून रडल्या. नितीन आधीच गाडीत बसला होता, काचा वर करून. सुभेदारांनी मला कडक सलाम ठोकला. मी हसून म्हणाले, "मी साधी क्लार्क हो." तर म्हणाले, "तुम्ही पहिल्या दिवशी बेल बदलू दिली होती, मॅडम."

पुढे फोन व्हायचे. सुमनताई गावची खबरबात सांगायच्या. नितीन शेताकडे फिरायला जातो, जेवतो बरा, बोलत नाही. सुभेदार फोनवर फार थोडकं बोलायचे आणि नितीनचा विषय निघाला की म्हणायचे, "चाललंय. त्याचं त्याला ठरवू दे." एकदा मी विचारलं, "सेटचं काय केलंत?" ते म्हणाले, "आहे. झाकून ठेवलाय." गावात त्यांना वाजवायला बोलावत होते, पण ते गेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "मावशी, मी नितीन. बाबा गेले." दुपारी जेवून आडवे झाले होते, उठलेच नाहीत. इतकी वर्षं समोर राहून तो माझ्याशी थेट असा कधी बोललाच नव्हता. मी फक्त विचारलं, "तू ठीक आहेस ना रे?"

त्यावर तो बोलत गेला, सावकाश, शब्द जुळवत. गावात माणूस गेला की भजनी मंडळ टाळमृदंग वाजवत त्याला घरापासून नदीच्या घाटापर्यंत नेतं. त्या दिवशी मंडळी आली, पण सगळ्यांना नितीनचं ठाऊक होतं, म्हणून टाळ कापडात गुंडाळून गप्प उभी राहिली. कुणी म्हातारा म्हणाला, आज मुक्यानंच नेऊ. "मी म्हणालो, वाजवा. बाबांना मुकं नेऊ नका. ते म्हणाले, मग हळू सुरू करतो. मी म्हणालो, नाही, तुम्ही नेहमी करता तसंच करा." हातात विस्तवाचं मडकं घेऊन तो पुढे उभा राहिला. पहिली थाप पडली तेव्हा डोळ्यांपुढे अंधार आला, म्हणाला. मडक्याचं शिंकाळं त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. आणि मग चालायला लागला. घाटापर्यंत चालला, त्या सगळ्या आवाजाच्या पुढे.

"मी खाली बसलो नाही, मावशी," तो म्हणाला. "सगळ्या गावानं बघितलं."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. सगळ्या गावानं बघितलं होतं. ज्यांना ते एकदा बघायचं होतं ते त्याच्या मागेच होते, चौघांच्या खांद्यावर, डोळे मिटून.